आगटीचा पत्ता

डिसेंबर लागला की आमच्या शहरात पाठीवर बिऱ्हाड बांधलेली माणसं दिसायला लागतात. सकाळी सातला बसस्थानकाबाहेर ती धुक्यात उभी असतात. पायात चपला, अंगात एकावर एक तीन सदरे, डोक्याच्याही वर गेलेली पिशवी आणि हातात फोन. रिक्षावाले भोवती गोळा होतात, दर सांगतात, आणि ही माणसं हसून मान हलवत राहतात. त्यांचा खिसा हलका असतो आणि त्यांना सगळं पाहायचं असतं. मी त्यांना लांबूनच ओळखते. ओळखते आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं निघून जाते.

तीन हिवाळ्यांपूर्वी मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडं जायचे. हातात कागदांचा गठ्ठा असायचा.

तो हिवाळा मला वासांनी आठवतो. ताज्या छपाईचा वास. पाणचक्कीच्या हौदाजवळ ओल्या दगडाचा वास. गोगाबाबा टेकडीवर संध्याकाळी वाळलेल्या गवताचा, आणि खाली उतरलं की मकबऱ्यामागच्या गल्लीत तंदूरमधून निघणाऱ्या नानचा. पण सगळ्यांत वरचढ वास गोवऱ्यांच्या धुराचा. तो एकदा स्वेटरात शिरला की दोन धुण्यांत जात नाही. गेल्या आठवड्यात जुनं कपाट आवरताना तो स्वेटर हातात आला. मी तो नाकाशी नेला नाही. तसाच परत ठेवला.

आमच्या घरात पत्रकं होती. इतरांच्या घरी फुलदाणी असते, देवाचे फोटो असतात, तशी आमच्याकडं पत्रकं. अप्पा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते आणि कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, गणितं सोडवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. रविवारी दुपारी आई, मी आणि धाकटी बहीण जमिनीवर बसून तीन घड्या घालायचो. घडी नखानं दाबायची म्हणजे कागद पुन्हा उघडत नाही, हे मला भाकरी थापण्याच्या आधी आलं. त्यातून माझा एक पक्का समज झाला होता. जे छापलं ते खरं. जे फुकट वाटलं ते चांगलं. आणि जे जोरात लिहिलं ते धाडसाचं.

अप्पांची एक पद्धत होती. कुणाविरुद्ध पत्रक काढायचं असलं की छापण्याआधी ते त्याच माणसाकडं जायचे आणि मसुदा त्याला वाचून दाखवायचे. मॅनेजर असो, मुकादम असो, ठेकेदार असो. तिथं चहा प्यायचे, शिव्या खायचे, कधी एखादं वाक्य बदलून यायचे आणि मग छापायचे. मला हा मऊपणा वाटायचा. मी ठरवलं होतं की मी लिहीन तेव्हा कुणाला विचारणार नाही.

मी लिहिलं ते शहराबद्दल. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आपलंच शहर पाहायला माणसाला गाडी, गाईड, हॉटेल आणि जाडजूड पाकीट लागावं, हे मला सहन होत नव्हतं. दोन मैत्रिणींना घेऊन मी एका पानाचं पत्रक काढलं: ‘पायी शहर’. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. कुठून चालायला लागायचं, कोणत्या दरवाजातून कोणत्या दरवाजाकडं जायचं, पिण्याचं पाणी कुठं मिळतं, मकबरा तिकिटाशिवाय कोणत्या टेकडीवरून पूर्ण दिसतो, वेरूळला लाल बसनं कसं जायचं, अजिंठ्याला जाताना फर्दापूरला कुठं उतरायचं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे शहर कुणाच्या पाकिटाची जहागीर नाही.’ ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

स्टेशनवरच्या एका वयस्क रिक्षावाल्यानं मला एकदा थांबवलं. माझाच कागद त्यांच्या हातात होता, नीट घडी घातलेला.

“आपा, ये तुम्हारा है ना?”

मी हो म्हटलं.

“अच्छा लिखे. मेरी बच्ची पढ के सुनाई. बस हमारा भी एक लाइन डाल देते. रिक्षेवाले भी शहर में रहते बोल के.”

मी त्यांना कष्टकऱ्यांच्या एकजुटीबद्दल काहीतरी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, “बराबर है, बराबर है. बैठो, छोड देतूं घर तक. पैसे नक्को.” मी बसले नाही. मी पायी शहर होते.

पत्रकातलं सातवं ठिकाण मामांची आगटी होती.

ज्यांनी हुरडा शेतात बसून खाल्ला नाही त्यांना हे सांगायला हवं. हिवाळ्यात ज्वारीचा दाणा चिकात असतो तेव्हा कणसं खुडतात. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव करतात, ती आगटी. तिच्यात कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि हिरवे, मऊ, वाफाळलेले दाणे समोरच्याच्या हातात घालायचे. सोबत तिळाची चटणी, गूळ, बोरं, दही. चोळणाऱ्याचे हात भाजतात आणि खाणाऱ्याला ते कळत नाही. आगटी पेटली की रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, हा आमच्याकडचा रिवाज. आलेल्याला नाव विचारत नाहीत, काम विचारत नाहीत. आधी हातावर दाणे पडतात.

मामांचं शेत वेरूळ रस्त्याला लागून. गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही, आणि शेताच्या बांधावर जे झाड आहे ते या लेखात दुसरंच असेल. समजा, चिंच. हे लिहिलेलं मामीला वाचून दाखवलं आहे. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा रस्त्यावर कुणाची तरी मोटार बंद पडली. मामांनी त्या कुटुंबाला हाक मारली. त्यांनी पोटभर हुरडा खाल्ला, आणि निघताना त्यांतल्या गृहस्थांनी खिशातून नोट काढली. मामांचा चेहरा पडला. ते रागावले नाहीत, पण कुणी अंगावर हात उगारावा तसे एक पाऊल मागं सरले. “साहेब, घरी जेवल्यावर देता का?” एवढंच म्हणाले. तो चेहरा माझ्या लक्षात राहिला होता, म्हणून मी पत्रकात लिहिलं: ‘दौलताबादच्या अलीकडं, रस्त्याच्या उजव्या हाताला चिंचेखाली आगटी पेटलेली दिसली की उतरा. हुरडा मिळेल. पैसे विचारू नका, त्यांना वाईट वाटेल.’

मामांना विचारायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची गोष्टच ती नव्हती. आगटीवर जायला आमच्यात कुणी परवानगी घेत नाही. फक्त तो रिवाज रस्त्यानं जाणाऱ्या दोन-चार माणसांसाठी होता, तीन भाषांत छापलेल्या कागदासाठी नव्हता. एवढा साधा फरक मला कळला नाही.

पहिले काही दिवस मामांचे फोन यायचे. आवाजात हसू मावत नसायचं.

“तुहे पाहुणे आले व्हते गं. एक गडी तर इतका उंच, चिंचंखाली वाकून बसला. आन् एक बाई कणीस तसंच चावाया लागली, मक्यासारखं. तुह्या मामीनं चोळून दिलं तर डोळ्यांतून पाणी. आता चटणीचं का मायेचं, ते काय तिच्या भाषेत कळंना आम्हाला.”

“त्रास तर नाही ना होत मामा?”

“पाहुण्याचा कसला तरास? तू आभ्यास कर.”

मी विचारलं होतं, म्हणजे. पण ज्याचं उत्तर ‘नाही’ हेच येणार, असा प्रश्न विचारून मी मोकळी झाले होते.

पत्रकाचा कुणीतरी फोटो काढला. तो फोनाफोनी फिरला. जानेवारीत पुण्या-नाशिकची, हैदराबादची, कुठकुठली पोरं त्या चिंचेखाली उतरायला लागली. आम्ही तिघी मैत्रिणी खूश होतो. एका स्वस्त डॉर्मेटरीच्या भिंतीवर आमचा कागद चिकटवलेला होता, त्याच्याशेजारी उभं राहून आम्ही फोटो काढला.

त्याच डॉर्मेटरीत एका मुलानं मला सांगितलं, “तुमच्या कागदात फुकट लिहिलंय, पण त्या काकांनी पन्नास रुपये मागितले.”

मला मामांचा तो मागं सरकलेला चेहरा आठवला आणि तो चेहराच खोटा होता असं वाटलं. फोन हातात होता. मामांचा नंबर त्यात होता. मी तो लावला नाही. त्याच दुपारी मी दुसरं पत्रक लिहायला बसले: ‘पाहुणचाराचा बाजार’. आजवर माझ्या हातून इतकं भराभर काही उतरलं नाही. हुरड्याच्या नावाखाली रस्त्यालगत खाटा टाकून, कर्णे लावून ताटावर पैसे घेणाऱ्यांवर आधी तोफ डागली. मग लिहिलं, ‘दौलताबादच्या अलीकडं चिंचेखालीही आता दर लागला आहे. ही आगटी माझ्या रक्ताच्या माणसाची आहे. तरी मी लिहिते आहे. जिथं आगटीला दर लागतो, तिथं घर संपलं.’

‘तरी मी लिहिते आहे.’ या चार शब्दांनी मला किती उंच वाटलं होतं, ते आज आठवलं की मान खाली जाते. आपल्या माणसाचीही गय न करणं म्हणजे तत्त्व, असं मला वाटत होतं. ते सोपं होतं म्हणून मी केलं, हे दिसत नव्हतं. खाटा टाकणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव, कुणाचंही झाड माझ्या पत्रकात नव्हतं. त्यांनी मला कोर्टात खेचलं असतं. मामा खेचणार नव्हते.

छापून वाटून झाल्यावर अप्पांनी ते पत्रक जेवताना वाचलं. पाण्याचा तांब्या त्यावर ठेवला.

“वाचून दाखवलंस त्यांना?”

“तुमचे मेव्हणे आहेत म्हणून सोडायचं का?”

“मालकाला दाखवतो आपण,” अप्पा म्हणाले. आई ताटावरून उठून आत गेली.

आठवडाभरानं मामा आमच्या घरी आले. दर वर्षी यायचे, आईसाठी उपरण्यात बांधून हुरड्याची कणसं घेऊन. मी आतल्या खोलीत होते. दार लोटलेलं होतं. मी पुस्तक उघडं धरून बसले आणि श्वासही हळू घेतला.

“पोरगी?” मामांनी विचारलं.

“आहे आत. बोलावू?”

“नगं. वाचत आसंल. थंडी लई पडलीया, तिला म्हणावं पायात मोजे घालत जा.”

चहा न घेता गेले. आईनं संध्याकाळी तव्यावर ती कणसं भाजली. मी ती खाल्ली. चवीनं खाल्ली.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी मामांच्या गावी गेले नाही. स्वतःला सांगत राहिले की तत्त्वाचा प्रश्न आहे. दिवाळीला, लग्नाकार्याला काही ना काही कारण निघायचं. आई कधी बोलली नाही. तिला माहेर एकच होतं.

यंदा दिवाळीत तिला एकटीला बसमध्ये चढवून देववेना, म्हणून गेले. मामी ओसरीवर डाळ निवडत होती. मी शेजारी बसून खडे वेचायला लागले. रानात मका उभा होता. हुरड्याची गुळभेंडी ज्वारी कुठं दिसली नाही. तिचं बी मामीच्या पाचोडच्या माहेराहून आलेलं, ती दर साली मडक्यात राखेत जपून ठेवायची. मी विचारलं, “मामी, यंदा ज्वारी नाही?”

“तीन साल झाले, पेरलीच नाय. बी बी मेलं आता. परवा चार दाणे भिजू घातले, एकाला बी मोड नाय.”

मग ती सूप हलवत राहिली आणि जे सांगितलं ते माझ्याकडं न बघता सांगितलं.

“तुह्या कागदानं इतके लोक आले माय, का आपलं रान धा दिवसात सरलं. म्या म्हणलं, आता आगटी इझवा. तर हे म्हणे, पोरीनं छापलंय, माणसं कुठून कुठून येऊन राह्यले, त्यायला काय उपाशी लावायचं? मंग शेजारच्याकून कणसं इकत आणली. रोज. ते पैशे कुठून काढावं? तव्हा मागितले पन्नास. तेबी मागता येईना त्यायला. पाठ फिरवून मागायचे. म्याच म्हणायची, मोठ्यानं म्हणा, ऐकू जात नाय त्यायला.”

“मला का नाही सांगितलं?”

“म्या म्हणलं व्हतं, पोरीला फोन करा. तर म्हणे, तिनं आता छापलं, आता काय सांगायचं.”

माझ्या हातात डाळ होती. ती तशीच राहिली. उपरण्यात बांधून आमच्याकडं आलेली कणसं कुणाच्या रानातली होती, हे विचारायची गरज उरली नव्हती.

“आन् अजून येतेत,” मामी म्हणाली. “आगटी नाय, ज्वारी नाय, तरी फोटू दाखवतेत. ह्यायला तर पाहुण्याला नाय म्हणणं जमतच नाय. आन् पैशे घेऊन खाऊ घालणं तुह्या दुसऱ्या कागदानं बंद केलं. मंग थंडीत शनवार-आयतवार शेतात पाय टाकत नायत. दौलताबादला सलूनात जाऊन बसतेत दिवसभर. म्या म्हणते, दाढी तरी करून या, तर तीबी नाय. मागच्या साली तर मक्यात वाकून बसले व्हते. लोक हाका मारत व्हते, काका, काका, आन् हे खाली मान घालून. आपल्याच रानात.”

मी अनेक लाजिरवाण्या गोष्टी ऐकल्या आहेत. काहींवर लेख लिहिले आहेत. पन्नाशी उलटलेला माणूस स्वतःच्या मक्यात लपून बसलेला मला तेव्हापासून रोज दिसतो, आणि त्यावर लिहिताना जी वाक्यं मला येतात त्यांतलं एकही मला माझं म्हणावंसं वाटत नाही.

घरी येऊन मी काय केलं असेल? पत्रक लिहिलं. माफीचं. चांगलं लिहिलं. ते घेऊन पुन्हा गावी गेले. मामा गोठ्यात होते. मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत सगळा वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

“झाक लिव्हलंय. याच्यात बी चिंच आली का पर.”

मी पाहिलं. आली होती. तिसऱ्या ओळीत, पत्त्यासकट.

“नगं छापू,” ते म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

आता थंडी पडली आहे. वेरूळ रस्त्यावर हुरडा पार्ट्यांच्या पाट्या लागल्या आहेत. पूर्वी त्या दिसल्या की माझं डोकं तापायचं. आता तेवढा हक्क वाटत नाही. बसच्या खिडकीतून बघते आणि गप्प बसते. गेल्या शनिवारी सकाळच्या बसनं मी गेले आणि चिंचेच्या बुंध्याशी, रस्त्याकडं तोंड करून बसले. सोबत डबा होता. कागद नव्हता. मामीला तेवढं सांगितलं होतं की मी बसणार आहे.

दहाच्या सुमाराला पहिली जोडी उतरली. मी उठून म्हटलं, इथं आता हुरडा नाही. ते बरं म्हणाले, झाडाचा फोटो काढला आणि पुढच्या जीपला हात केला. मग तिघं आले, मग एक एकटा. ‘नाही’ म्हणायला मला वाटलं होतं त्यापेक्षा फार जड गेलं. माणूस उन्हातून, विश्वासानं, हसत येतो, आणि आपण बांधावर आडवे उभे. मामांना हे का जमलं नाही ते मला चौथ्या ‘नाही’ला कळलं.

साडेबाराला एक मुलगी आली. माझ्याच वयाची, पाठीवर निळी पिशवी, चपलांना धूळ. तिनं फोन पुढं धरला. माझं पहिलं पत्रक. मी म्हटलं, बंद झालं ते.

“हो, वाचलंय मी. नंतरचं पण आहे माझ्याकडं,” ती म्हणाली आणि बोटानं वर सरकवून वाचायला लागली. “‘जिथं आगटीला दर लागतो, तिथं घर संपलं.’ किती खरं लिहिलंय ना? बहुतेक त्या काकांना लाज वाटली असणार.”

“ते मी लिहिलंय,” मी म्हटलं. “खोटं आहे ते. त्यांनी दुसऱ्याच्या रानातून विकत आणून लोकांना खाऊ घातलं. मी विचारलं नव्हतं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग फोनकडं, मग परत माझ्याकडं.

“म्हणजे तुम्हीच बोलावलं, आणि तुम्हीच हाकलताय?”

“व्हय,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली, पिशवी सावरली आणि दौलताबादच्या दिशेनं चालायला लागली. मला तिचा राग आला नाही. ती मीच होते, फक्त तिनं अजून कुणाचं काही मोडलं नव्हतं.

ती वळणाआड गेली तेव्हा मागं मक्याची पानं वाजली. मामा होते. दौलताबादहून पायवाटेनं आले असावेत, मामीनं निरोप धाडला असेल. खांद्यावर उपरणं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. त्यांनी किती ऐकलं ते मला माहीत नाही. माझ्याजवळ आले नाहीत. विहिरीच्या कडेला, जिथून रस्ता सरळ दिसतो तिथं, उघड्यावर मांडी घालून बसले.

एवढ्यात रस्त्यावर जीप थांबली आणि पाठीवर पिशव्या घेतलेले दोघं उतरले. मी मागं पाहिलं. मामांनी दचकून मान वर केली, उठायला म्हणून हात जमिनीला टेकवला, मग माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं चालायला लागले. त्या दोघांशी बोलून वळले तेव्हा मामांनी कांदा बुक्कीनं फोडला होता. शनिवार होता, टळटळीत दुपार होती, आणि मामा आपल्या शेतात बसून जेवत होते.